चौथ्या मजल्यावरचे विषय

“माणसाची किंमत आकड्यांत करता येत नाही,” प्रोफेसरांनी सकाळी दात घासता घासता जाहीर केलं. वाक्य इतकं भारदस्त होतं की त्यासाठी त्यांनी तोंडातला फेस मुद्दाम आधी थुंकून घेतला होता. मग त्यांनी चूळ भरली, टॉवेलानं मिशा पुसल्या आणि स्वयंपाकघराकडे मान वळवून विचारलं, “लागला का गं निकाल? तुला किती पडले?”

प्रोफेसर हे कुठल्याही कॉलेजात प्रोफेसर नव्हते. भंगार लोखंडाच्या एका मोठ्या आवारात ते वजनकाट्यावर होते. ट्रक आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा तोलायचा, आणि वजाबाकी करून चिठ्ठी फाडायची, हे त्यांचं जन्माचं काम. ट्रक काट्यावर चढल्यापासून आकडा स्थिर होईपर्यंत जो वेळ जातो, त्यात ते ड्रायव्हरांना जगाच्या घडामोडींचा अर्थ समजावून सांगत. ड्रायव्हरांना काट्यावरून हलता येत नसल्यामुळे ते ऐकून घेत. त्यांच्यातल्याच एकानं हे नाव ठेवलं. त्यानं ते टोमणा म्हणून दिलं होतं. प्रोफेसरांनी ते पदवी म्हणून स्वीकारलं.

खरी पदवी राहून गेली होती. तरुणपणी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सुटलं. ते का सुटलं, याची कारणं प्रोफेसर ऐकणारा माणूस पाहून बदलत. कधी वडिलांचं आजारपण, कधी तत्त्वाचा प्रश्न. संख्याशास्त्राचा पेपर हे कारण मात्र त्यांनी आजवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तरीही घरात हुशार कोण, हा प्रश्न कधी निघाला नव्हता. तो मान लग्नाच्या दिवसापासून त्यांच्याकडे होता आणि बायकोनं त्यावर कधी हक्क सांगितला नव्हता. बाईंचा स्वभावच तसा. कमी बोलायचं आणि काम उरकायचं. घरातल्या सगळ्या बरण्यांची झाकणंदेखील त्याच उघडत. एकदा साडू आणि मेहुणी आलेली असताना प्रोफेसरांनी कॉफीची बरणी स्वतः उघडायला घेतली होती. ते लाल झाले, मग जांभळे झाले, झाकण होतं तिथेच राहिलं. बाईंनी बरणी हातातून घेतली, ओट्याच्या कडेवर झाकण एकदा टक् करून आपटलं आणि दोन बोटांनी फिरवून काढलं. साडूंचा धंदा दातांच्या कवळ्या बनवण्याचा, त्यामुळे ते हसताना तोंड पूर्ण उघडत. त्या दिवशीचं ते हसू प्रोफेसरांना अजून अधूनमधून दिसत असे.

सगळं सुरळीत चाललेलं असताना नोकरीसाठी परगावी गेलेल्या मुलीनं परस्पर आईचा फॉर्म भरला. संध्याकाळचं कॉलेज, नोकरदारांसाठी आणि ज्यांचं शिक्षण राहून गेलंय त्यांच्यासाठी. ही बातमी ऐकून प्रोफेसरांनी फोनवर मुलीचं तोंडभरून कौतुक केलं, शिक्षणाला वय नसतं असं एक वाक्यही टाकलं, आणि मग दोन दिवस जेवताना गप्प राहिले. शेवटी बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलेली पाहून त्यांनी मुलीला फोन लावला.

“आणि माझा?”

“बाबा, तुम्ही तर प्रोफेसर आहात ना?”

“तरी पण,” प्रोफेसर म्हणाले.

अशा रीतीनं नवराबायको एका वर्गात दाखल झाले, आणि प्रोफेसरांच्या छातीत काहीतरी बारीक बारीक टोचायला लागलं.

कॉलेजची इमारत जुनी होती आणि लिफ्ट कायमची दुरुस्तीत अडकलेली. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि इतिहास हे तीन विषय चौथ्या मजल्यावर असत. पर्यावरण, संभाषणकला आणि व्यक्तिमत्त्व विकास हे तीन पहिल्या मजल्यावर. बाई चौथ्या मजल्यावर अशा जात जणू गच्चीतले कपडे काढायला चालल्यात. प्रोफेसरांचा गुडघा दुसऱ्या मजल्यावर बोलू लागे आणि तिसऱ्यावर वाद घालू लागे. त्यामुळे बऱ्याच संध्याकाळी ते खालीच थांबत, आणि पहिल्या मजल्यावरच्या वर्गात असे चमकत की संभाषणकलेच्या सरांना बोलायला जागा मिळत नसे.

टोचण्याची कारणं रोज नवी मिळत होती. पोरंपोरी बाईंभोवती गोळा होऊन म्हणत, “काकू, तुमच्या नोट्स द्या ना.” प्रोफेसरांना म्हणत, “काका, जरा बॅग उचलता का, बसायचंय.” एकदा अर्थशास्त्राच्या मॅडमनी भर वर्गात बाईंचं उत्तर वाचून दाखवलं. त्या दिवशी प्रोफेसर नेमके वर चढून आले होते. घरी जाताना त्यांनी बाईंना सांगितलं की या मॅडमचं वाचन फार वरवरचं वाटतं.

आणि मग महागाईचं प्रकरण घडलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात महागाईवर एक लांबलचक धडा होता. परीक्षेच्या आधी बाई तो वाचायला बसल्या तेव्हा प्रोफेसर सहज म्हणाले की हा धडा कधीच येत नाही, यंदा तर वगळलाच आहे. संध्याकाळी पुन्हा म्हणाले. दुसऱ्या दिवशी काट्यावरच्या माणसांनाही सांगून आले. बाईंनी ऐकून घेतलं आणि धडा वाचला. प्रोफेसरांनी मात्र हीच गोष्ट इतक्यांदा आणि इतक्या ठामपणे सांगितली की त्यांचा स्वतःचा तिच्यावर विश्वास बसला. पेपरात सगळ्यांत मोठा प्रश्न महागाईवर होता. बाई खाली मान घालून लिहीत राहिल्या. प्रोफेसरांनी तीन पानं सामान्य माणसाच्या सहनशीलतेवर लिहिली.

तर आता निकाल लागला होता. कॉलेजची पद्धत अशी, की आधी फोनवर प्रत्येक विषयाचे दहापैकी गुण येत. सगळे मिळून जी सरासरी होते, जिला पोरं जीपीए म्हणत, ती छापील गुणपत्रकावर आठवड्यानं मिळायची. तेवढा दम कोणाला असतो? प्रोफेसरांनी दोघांचे फोन शेजारी शेजारी ठेवले, चष्मा चढवला आणि बेरीज मांडली. पहिल्या मजल्यावरच्या तिन्ही विषयांत त्यांना दहापैकी दहा होते. वरच्या मजल्यावर सहा, पाच आणि सात. एकूण अठ्ठेचाळीस, भागिले सहा विषय, आठ. बाईंना वरच्या तिन्ही विषयांत नऊ-नऊ होते, पण पर्यावरणात सात, संभाषणकलेत सहा, कारण विचारलं तेवढंच त्यांनी सांगितलं होतं, आणि व्यक्तिमत्त्व विकासात पाच. एकूण पंचेचाळीस. भागिले सहा, साडेसात.

प्रोफेसरांनी बेरीज तीनदा पडताळली. तिन्ही वेळा ते आठच होते. इतक्या महिन्यांनी छातीतलं टोचणं पहिल्यांदा थांबलं.

“आठ,” ते म्हणाले. “तुझे साडेसात. तसे वाईट नाहीत हं.”

बाईंनी स्वतःचा फोन उचलून पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं. “सहानं भागलंत?”

“मग कशानं भागायचं?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या आणि पोळी उलटावी तशा सहज विषय उलटून टाकला. दूध किती घ्यायचं, असं काहीतरी विचारलं.

त्या दिवशी काट्यावर उभ्या राहिलेल्या एकाही ट्रकला आकडा ऐकल्याशिवाय खाली उतरता आलं नाही. दुपारी प्रोफेसरांनी साडूंना फोन केला. इकडची तिकडची चौकशी केली, कवळ्यांचा धंदा कसा चाललाय विचारलं, आणि मग आठ पॉइंट शून्य हे शब्द असे उच्चारले की साडूंना वाटलं ताप आलाय. मेहुणीनं फोन ओढून घेऊन विचारलं, ताईला किती? ताईला साडेसात, प्रोफेसर म्हणाले, पण तिनं मनाला लावून घेतलेलं नाही. शनिवारी संध्याकाळी दोघांनी यायचं ठरलं. साडू म्हणाले की येतो, पण छापील कागद बघितल्याशिवाय आपण टाळ्या वाजवत नाही.

शनिवारी प्रोफेसर अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाहेर पडले. आधी बेकरीत गेले. केक सांगून ठेवलेला होता, त्यावर आकडा तेवढा घालायचा होता.

“आठ पॉइंट शून्य,” त्यांनी सांगितलं.

बेकरीवाल्यानं विचारलं, “नातवाचा आठवा वाढदिवस का?”

“वाढदिवस नाही.”

“मग पॉइंट कशाला? उगीच क्रीम.”

“पॉइंटलाच तर किंमत आहे,” प्रोफेसर म्हणाले. बेकरीवाल्यानं मोठ्या गुलाबी अक्षरांत ८.० काढलं आणि जागा उरली म्हणून कोपऱ्यात एक गुलाबही काढला.

खोका दोन्ही हातांत धरून प्रोफेसर कॉलेजात गेले. गुणपत्रकं तळमजल्यावरच्या खिडकीत मिळत होती, त्यामुळे गुडघ्याचीही संमती होती. खिडकीत चष्मा लावलेल्या एक मॅडम होत्या. पाठीमागे पोरांची रांग होती. प्रोफेसरांनी सही केली, कागद घेतला, घडी उलगडली आणि खाली उजव्या कोपऱ्यात पाहिलं. तिथे ६.८ छापलं होतं.

प्रोफेसर रागावले नाहीत. चूक कारकुनाकडून होते आणि मोठ्या माणसानं ती पोटात घालायची असते. ते खिडकीशी वाकून हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, मी तक्रार वगैरे काही करणार नाही. फक्त एवढा आकडा नीट करून द्या.”

मॅडमनी कागद पाहिला. “बरोबर आहे की.”

“आठ पाहिजेत. मी स्वतः काढलेत. सहा विषय, सहानं भागलं. सरासरी यालाच म्हणतात.”

“आणि हे रकान्यातले चार-चार, एक-एक? ते नाही धरलेत?”

“ते कशाला धरायचे?” प्रोफेसर म्हणाले. “ते मजले आहेत.”

मग मॅडमनी चष्मा वर सरकवला. “कसले मजले?”

“वर्गांचे. अर्थशास्त्र चौथ्यावर, इतिहास चौथ्यावर, संख्याशास्त्र चौथ्यावर. बाकीचे पहिल्यावर. बरोबरच लिहिलंय त्यात.” फोनच्या लहान पडद्यावर रकान्याचं शीर्षक वर निघून गेलं होतं आणि आकडे इमारतीशी चोख जुळत होते. प्रोफेसरांना शंका यायचं कारणच नव्हतं. उलट कॉलेजच्या टापटिपीचं त्यांना कौतुक वाटलं होतं.

“काका, ते क्रेडिट आहेत,” मॅडम म्हणाल्या. रांगेतल्या कुणीतरी हसू खोकल्यात घातलं. मॅडमनी मात्र न हसता सांगितलं की जो विषय चार क्रेडिटचा त्याचे गुण चारनं गुणायचे, एक क्रेडिटचा असेल तर एकनं. सगळ्यांची बेरीज करायची आणि भागायचं ते एकूण क्रेडिटनं, म्हणजे पंधरानं. विषय किती ते विचारायचंच नाही.

“म्हणजे सगळे विषय सारखे नसतात?”

“नसतात.”

“हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.”

“पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” मॅडम म्हणाल्या. “वर. चौथ्या मजल्यावर.”

तेवढ्यात मॅडमना वाटलं असावं की माणसाशी दोन शब्द आपुलकीचे बोलावेत. त्यांनी विचारलं, “काका, तुम्ही काय करता?”

“वजनकाट्यावर असतो.”

मॅडमनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि खाली मान घालून कागदांना टाचण्या मारू लागल्या.

“आमच्या मंडळींचं पण द्या,” प्रोफेसर म्हणाले.

“त्यांचं सोमवारी. त्या परवाच येऊन गेल्यात. म्हणाल्या, तयार असलं तरी आत्ता देऊ नका, शनिवारी घरी पाहुणे आहेत, नंतर नेईन.” मॅडमना हे विचित्र वाटलं होतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. “एवढे चांगले असताना कोण ठेवून जातं?”

खिडकीला दोरीनं बांधलेलं एक पेन होतं. दोरी जेवढी पुरते तेवढ्यात प्रोफेसरांनी केकच्या खोक्याच्या झाकणावर हिशेब केला. बाईंचे नऊ-नऊ-नऊ, चारपट. खालचे सात, सहा, पाच, एकपट. भागिले पंधरा. आठ पॉइंट चार.

कॉलेजच्या फाटकाबाहेर एक बाक होता. प्रोफेसर त्यावर बसले, खोका मांडीवर घेऊन. म्हणजे तिला पहिल्या सकाळपासूनच माहीत होतं. सहानं भागलंत, असं तिनं विचारलंही होतं. आणि मग आठवडाभर ती त्यांच्या आठाच्या शेजारी साडेसात होऊन राहिली. काट्यावर सांगू दिलं, बहिणीला सांगू दिलं, वर कागद अडवून ठेवला.

दुसरा एखादा असता तर त्याचं मन भरून आलं असतं. प्रोफेसरांचं मन जळालं. अर्थशास्त्रात ती पुढे होती, ठीक आहे. इतिहासात होती. पण आता तिनं मोठेपणातही मागे टाकलं होतं, तेही अभ्यास न करता. आणि सगळ्यांत झोंबणारी गोष्ट अशी की तिला कुणाचा हेवाच वाटत नव्हता. निदान तिनं थोडं जळायला हवं होतं. एवढी वर्षं एका घरात काढून माणसाला इतकं एकट्यानं जळावं लागू नये.

त्यांनी मार्ग शोधून पाहिले. केक हातातून पडला असं सांगता आलं असतं. गुणपत्रकं छापायची राहिलीत असंही सांगता आलं असतं, ती तर सोमवारपर्यंत गप्पच बसणार होती. एका पद्धतीनं पाहिलं तर आठ खरेच होते, आणि पद्धतींबद्दल विद्वानांत मतभेद असतातच. मग त्यांच्या मनात आलं की घरातल्या कामांनाही असे मजले असावेत. लग्नकार्यात भाषण करणं, पाहुण्यांना हसवणं, दुकानदाराशी हुज्जत घालणं, यांत त्यांना नेहमी दहापैकी दहा होते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिला कुशीवर कोण वळवत होतं, मुलीच्या परीक्षेला पहाटे कोण उठत होतं, हे चौथ्या मजल्यावर घडलं होतं. ते खालीच थांबले होते. गुडघा तेव्हा दुखतही नव्हता.

हा हिशेब त्यांनी पुढे नेला नाही. खोक्यात एक प्लास्टिकची सुरी होती. त्यांनी खोक्याची दोरी सोडली.

घरी पोचले तेव्हा साडू आणि मेहुणी येऊन बसले होते. बाई बश्या मांडत होत्या. “कागद आणला का, प्रोफेसर?” साडूंनी बसल्या जागेवरून विचारलं. मेहुणी म्हणाली, “अहो, आधी त्यांना बूट तरी काढू द्या. भावोजी, या, कापा केक.”

प्रोफेसरांनी खोका टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. सगळे वाकले. आठ होता तसा होता, गुलाबी आणि तुकतुकीत. टिंबही जागेवर होतं. टिंबापुढे मात्र क्रीमचं एक वेडंवाकडं वेटोळं होतं, दोन तंगड्या फाकलेलं. कोपऱ्यातला गुलाब नाहीसा झाला होता.

“आठ पॉइंट…” साडूंनी मान तिरकी केली. “हे काय आहे? गाठ बसलीय?”

“चार,” प्रोफेसर म्हणाले.

“फोनवर शून्य म्हणाला होतात.”

“ते माझं होतं. ते चुकलं होतं. हे तिचं आहे.”

बाईंच्या हातातली बशी होती तिथेच थांबली. त्यांनी केककडे पाहिलं, त्या चाराकडे जरा जास्त वेळ पाहिलं. प्रोफेसरांच्या मिशीच्या टोकाला गुलाबी क्रीम लागलेलं होतं, तेही त्यांना दिसलं असावं. नवऱ्याच्या डोळ्यांकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. “कॉफी टाकते,” असं म्हणून त्या आत गेल्या. मेहुणी “अगं ताई, बोलली नाहीस ती,” म्हणत राहिली.

साडू सावकाश मागे रेलले. ओठ एकेका दातावरून मागे सरकू लागले. “अस्सं. मग तुमचे किती, प्रोफेसर?”

प्रोफेसरांनी खिशाला हात लावला. कागद तिथेच होता. संभाषणकलेत दहापैकी दहा मिळवलेल्या माणसाला या क्षणी शंभर वाक्यं सुचायला हवी होती, आणि एक-दोन सुचलीही. ती त्यांनी गिळली.

“सहा पॉइंट आठ,” ते म्हणाले.

साडूंनी दीर्घ श्वास घेतला. त्यांचं तोंड आता पूर्ण उघडणार, तेवढ्यात स्वयंपाकघरातून ओट्याच्या कडेवर काहीतरी हलकेच आपटल्याचा आवाज आला. टक्. आणि पाठोपाठ बाई कॉफीची बरणी घेऊन बाहेर आल्या. झाकण तिच्यावर होतं. त्या बहिणीवरून, साडूंवरून, केकवरून सरळ पुढे आल्या आणि प्रोफेसरांसमोर उभ्या राहिल्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “एवढं झाकण काढून द्या ना. माझ्याच्यानं निघत नाहीये.”